आईची उंची

लग्नाच्या आधी मी मुलीच्या आईची उंची मोजून घेतो. लोकांना वाटतं, या व्हिडिओवाल्याचं डोकं फिरलंय. नवरीची मोजली असती तर एक वेळ समजलं असतं, पण आईची कशाला? मी वाद घालत नाही. आईला भिंतीला टेकून उभं करतो, जमिनीपासून डोळ्यांपर्यंत टेप लावतो आणि आकडा वहीत लिहितो. मध्ये दोन वर्षं हे मोजणं बंद पडलं होतं. ते का बंद पडलं आणि पुन्हा का सुरू झालं, तेच सांगायचंय.

माझं नाव उमाकांत पोतदार. विट्यात माझा स्टुडिओ आहे. लग्नं, मुंजी, भजन स्पर्धा, नाट्यस्पर्धा, शाळांची स्नेहसंमेलनं, जिथं चार माणसं नटून जमतात तिथं मी जातो. पण पोटापाण्याचं म्हणाल तर लग्नंच.

आमच्याकडं बऱ्याच घरांत मुलीची आई अक्षता बघत नाही. मंगलाष्टका सुरू झाल्या की ती मागच्या अंगणात जाते आणि मांडवाकडं पाठ करून तुळशीला पाणी घालत उभी राहते. मुलीला लहानाची मोठी करायची, रुखवतापासून मानपानापर्यंत सगळं निस्तरायचं, आणि नेमक्या त्या आठ-दहा मिनिटांना गैरहजर राहायचं. असं का, हे मला तीस वर्षांत कुणी धड सांगितलेलं नाही. एक गुरुजी म्हणाले, आईची दृष्ट लागते. दुसरे म्हणाले, आईला रडू आवरत नाही. मला दोन्ही पटलं नाही, पण आपण शूटिंगला गेलेलो असतो, शास्त्रार्थाला नाही.

एवढं मात्र माझ्या लवकर लक्षात आलं की मांडवात हजार माणसं असली तरी आपलं शूटिंग एकाच बाईसाठी असतं, आणि ती बाई तिथं नसते. म्हणून मी एक पद्धत पाडली. आई मांडवात असती तर जिथं उभी राहिली असती, म्हणजे नवरीच्या उजव्या हाताला, दोन पावलांवर, तिथं खडूनं फुली मारायची. त्या फुलीवर दुसरा कॅमेरा ठेवायचा, बरोबर आईच्या डोळ्यांच्या उंचीवर. मग शेवटच्या सावधानपर्यंत त्याला हात लावायचा नाही. ते चित्रण मी कापत नसे, त्यावर गाणं चढवत नसे. त्याला आमच्यात ‘आईची प्रत’ म्हणायचे. उंचीचा आग्रह अशासाठी की नवरीच्या चेहऱ्यावर मुंडावळ्या असतात, समोर अंतरपाट. उभ्या माणसाला वरून नुसते मोती दिसतात. आया बहुतेक बुटक्या असतात, आणि तेवढ्या उंचीवरून मुंडावळ्यांच्या खालून मुलीचे डोळे दिसतात.

मग डोळस अक्षता आल्या.

त्या घरी आणल्या माझ्याच मुलीनं. शर्वरी पुण्याला प्रकाशशास्त्र शिकली आणि ज्या कंपनीनं हे तांदूळ काढले तिथंच नोकरीला लागली. माझा साथीदार शौकत मुल्ला, जो माझ्याबरोबर तीस वर्षं लाइट धरतोय, तो म्हणाला, “उमाभाऊ, पोरीला शिकवलं आणि तिनं आपलंच दुकान उठवलं की.” चेष्टेत म्हणाला, पण त्या वेळी मला ती जरा लागली.

शर्वरीनं मला स्वयंपाकघरात ताटात तांदूळ पसरून सगळं समजावलं होतं. यातला प्रत्येक दाणा म्हणजे एक कॅमेरा. त्याला काचेचं भिंग नाही. केसापेक्षाही बारीक काड्यांची एक पापुद्र्यासारखी पट्टी आहे, ती प्रकाश वाकवते. एकट्या दाण्याला विचाराल तर त्याला दिसतं ते पहाटेच्या धुक्यातून दिसावं तसं पुसट. पण असे दहा हजार दाणे मांडवभर असतील, काही फुलांच्या माळांत, काही झालरीला, काही हवेत उडत असलेले, तर संगणक त्या दहा हजार पुसट चित्रांचा हिशेब मांडतो. प्रकाशाचा कुठला किरण कुठून निघाला आणि कुठं गेला हे त्याला कळतं. मग चष्मा लावून तुम्ही त्या लग्नात पुन्हा शिरू शकता, हव्या त्या जागी उभं राहू शकता.

“यांना वीज कुठनं मिळते?” मी विचारलं होतं.

“खांबांतून. मांडवाच्या कडेला पाच खांब लावायचे. त्यांच्या लहरी पोचतात तेवढ्यातच दाणे जागे. बाहेर गेले की नुसते तांदूळ.” मग तिनं बजावलं होतं, “फक्त खांब भिंतीला लावायचे हं पप्पा. खांबाच्या हातभर जवळ लहरींचा जोर एवढा असतो की दाणे जळू नयेत म्हणून आपोआप बंद पडतात. तिथं काहीच दिसत नाही.”

सहा महिन्यांत तालुक्यात हेच चालू झालं. पहिली गंमत नाट्यस्पर्धेत झाली. चष्मा लावून लोक नाटक बघायचं सोडून विंगेत जाऊन उभे राहायला लागले, आणि असं निघालं की पडद्यामागून वाक्यं पुरवणारे आमचे हायस्कूलचे कुलकर्णी सर नायकापेक्षा चांगला अभिनय करत होते. पुढच्या वर्षी मंडळानं त्यांनाच नायक केलं. तिथं मात्र ते वाक्यं विसरले.

लग्नांत गंमत कमी आणि भानगडी जास्त झाल्या. कुणाच्या साडीकडं बघून कुणी नाक मुरडलं, हे आता चष्मा लावून जवळ जाऊन बघता येत होतं. भाळवणीत दोन जावा यावरून वर्षभर बोलत नव्हत्या. मग माणसं शहाणी झाली. मांडवात शिरलं की सगळे हसतमुख. मी कॅमेरा फिरवायचो तेव्हा कुठं बघायचं नाही हे मला कळत होतं. बाप खांबाआड डोळे पुसायला गेला की मी कॅमेरा सनईकडं वळवायचो. तांदळाला एवढी रीतभात कुठली असणार?

माझं काम उरलं ते खांब रोवायचं, अक्षतांत दाणे मिसळायचं आणि लग्न उरकल्यावर चुंबकाच्या झाडूनं ते गोळा करायचं. आईची प्रत बंद झाली. आयांना आता चष्मा होता, त्या हव्या तिथं उभ्या राहू शकत होत्या. टेप ड्रॉवरमध्ये गेली. मला वाईट वाटलं, पण खोटं का बोलू, पाठदुखीही कमी झाली.

यंदाच्या माघात शर्वरीचंच लग्न ठरलं. मुलगा मल्हार, इचलकरंजीचा, शांत आणि खाऊन-पिऊन सुखी. मला एकच धास्ती होती की कन्यादानाला बसायचं सोडून मी सवयीनं कॅमेऱ्यामागं जाईन. शर्वरीनं सांगून टाकलं की त्या दिवशी मी कॅमेऱ्याला हात लावायचा नाही, सगळं अक्षता बघून घेतील.

आईला मात्र तिनं मांडवात उभं राहायचा आग्रह धरला. माझी बायको रोहिणी ऐकेना. मग शर्वरी म्हणाली, तुळशीपाशी चष्मा लावून उभी राहा, तिथंच लग्न दिसेल. चष्म्यातून बघणं हे बघण्यात धरायचं की नाही, यावर आमच्या गुरुजींनी दोन दिवस विचार केला आणि शेवटी दुसऱ्या गुरुजींना फोन लावला.

रोहिणीनं तो प्रश्नच निकालात काढला. “हे बघ शरू,” ती म्हणाली, “तुझ्या पप्पांनी गावातल्या आयांना त्यांच्या त्यांच्या मुलींची लग्नं दाखवली. मी तीस वर्षं बघत आलेय, कुणाकुणाच्या आया आपल्या पुढच्या खोलीत बसून रडून गेल्यात. आता माझी पाळी आलीय. मी तुळशीला पाणी घालणार, आणि मग माझ्या जागेवर उभी राहून बघणार. दुसरीकडनं नको. फुलीवरनंच.”

मी ड्रॉवरमधून टेप काढून रोहिणीची उंची घेतली. डोळ्यांपर्यंत चार फूट सात इंच. तसं करायची काही गरज नव्हती, पण घेतली.

लग्नाच्या सकाळी मंगल कार्यालयात माझा पाय ठरत नव्हता. आचारी हाक मारत होता, व्याही येऊन बसले होते, फेटा बांधणारा माझं डोकं शोधत होता. शौकत खांब लावत होता. चार लावून झाले आणि त्याला मल्हारच्या मामांनी जनरेटरकडं बोलावलं. पाचवा खांब त्यानं माझ्या हातात दिला आणि म्हणाला, “हा तेवढा लाव, उमाभाऊ.” मी फेटा सावरत गेलो, लावला, आणि आचाऱ्याकडं पळालो.

मंगलाष्टका सुरू झाल्या. रोहिणी तांब्या घेऊन मागच्या दारानं अंगणात गेली. दार उघडंच होतं, तिची पाठ दिसत होती. अंतरपाट धरला गेला, शर्वरीच्या मागं तिचा मामा, डाव्या हाताला दिवा घेतलेली करवली. माझे पाय आपोआप नेहमीच्या जागी गेले. खांब शेजारीच होता. आणि तीस वर्षांची सवय, मी गुडघ्यात वाकलो. सहा फुटी माणूस, डोक्यावर फेटा, खुर्ची नसताना खुर्चीवर बसल्यासारखा. मागं कुणीतरी हसलं. नंतर शौकतनं ते चष्म्यातून सगळ्या बाजूंनी बघितलं आणि अजून सांगतो.

पाठ कशी दुखायला लागली ते सांगत नाही, पण शेवटच्या सावधानपर्यंत मी उठलो नाही.

तिसऱ्या दिवशी मांडवपरतणीला लेक-जावई घरी आले. दुपारची जेवणं झाली, मल्हार आतल्या खोलीत लवंडला, आणि रोहिणीनं पदर खोचून पुढच्या खोलीत चष्मा लावला. आम्ही दोघं समोर बसून होतो. ती खोलीत हळूहळू फिरत होती, म्हणजे तिच्या लेखी कार्यालयात. रुखवतापाशी थांबली, माझ्या बहिणीच्या साडीला बरं म्हणाली, जेवणाच्या पंगती टाळून पुढं आली. मग तिनं दोन पावलं मोजली आणि उभी राहिली.

“शरू, इथं धुकं आहे,” ती म्हणाली.

शर्वरीनं स्वतः चष्मा लावून बघितलं. सगळं कार्यालय लख्ख होतं. छताचा पंखा, गुरुजींच्या पुस्तकावरचा तेलाचा डाग, सगळं. आणि नवरीच्या उजव्या हाताला, दोन पावलांवर, हातभर घेराचा एक पांढरा गठ्ठा. त्यात ना पुढचं दिसत होतं ना मागचं. तिनं चष्मा काढला आणि माझ्याकडं बघितलं.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. पाचवा खांब मी भिंतीला लावलाच नव्हता. हातात उभं करायची वस्तू आली आणि हातांनी ती नेहमीच्या जागी उभी केली. फुलीवर. दहा हजार डोळे होते मांडवात, आणि बायकोनं मागितलेली एकच जागा मी आंधळी करून ठेवली होती. मला इतकी लाज वाटली की मी उठून पाणी प्यायला गेलो.

परत आलो तर शर्वरी आईला समजावत होती. इतर बाजूंनी नवरीचा चेहरा मिळत नव्हता. समोर अंतरपाट, मागं मामा, डावीकडं करवलीचा दिवा, वरून मुंडावळ्या. पण संगणक अंदाजानं भरू शकत होता. त्यानं लाखो लग्नं बघितलेली होती, शर्वरीचा चेहरा त्याच्याकडं होता. कायद्यानं अशा अंदाजी भागाला पिवळी चौकट ठेवावी लागते, पण घरच्यासाठी ती काढता येते, असंही ती म्हणाली. आईनं मान डोलावली. दहा मिनिटांत ते तयार झालं आणि शर्वरीनं चष्मा आधी माझ्या हातात दिला.

मी बघितलं. फुलीवरचं धुकं गेलं होतं. चार फूट सात इंचांवरून माझी मुलगी दिसत होती, मुंडावळीचा एक मोती गालाला टेकलेला, नजर खाली झुकलेली, ओठांवर जरासं हसू. एवढं सुंदर चित्र मी जन्मात काढलं नसतं. हे रोहिणीला दिलं असतं तर ती रडली असती आणि आयुष्यभर तेच धरून बसली असती. माझी चूकही झाकली गेली असती.

शर्वरी माझ्याकडं बघत नव्हती. हातातल्या हिरव्या बांगड्या फिरवत होती. “चालेल का पप्पा?” तिनं विचारलं.

“छान आहे,” मी म्हणालो. “पण असं झालं नाही.”

रोहिणी म्हणाली, “तुम्हाला काय माहीत?”

“मी तिथं होतो. वाकून.”

तिनं माझ्या हातातला चष्मा घेऊन टेबलावर ठेवला, सोफ्यावर बसली आणि पदर सोडून म्हणाली, “मग तुम्ही सांगा. काय बघितलंत ते सांगा मला.”

तीस वर्षं मी लोकांना दाखवत आलो, सांगायची वेळ कधी आली नव्हती. सुरुवातीला नुसतं कुणी काय घातलं होतं तेच सांगत बसलो. मग डोळे मिटले तसं सुचायला लागलं. सांगितलं की तिसऱ्या अष्टकेला माझ्या बहिणीचा सूर वर गेला तेव्हा शरूला हसू फुटत होतं आणि तिनं आतून गाल चावला. मामाचा हात तिच्या खांद्यावर होता, आणि तो हात तिच्यापेक्षा जास्त कापत होता. हारातलं एक गुलाबाचं पान तिनं तोडून मुठीत धरलं होतं. आणि मग शेवटची अष्टका आली. गुरुजींनी आवाज चढवला, लोकांनी मुठी वर केल्या.

“तेव्हा तिनं खाली नाही बघितलं,” मी म्हणालो. “मान हलवली नाही, नुसते डोळे वळवले. उजवीकडं, माझ्या पलीकडं. मला वाटलं माझ्याकडं बघतेय. पण नाही. मागच्या दाराकडं बघत होती.”

“दाराकडं कशाला?”

“तू होतीस तिथं. तुझी पाठ दिसत होती. सावधान म्हणेपर्यंत ती तुझ्याकडंच बघत होती.”

शर्वरीच्या बांगड्यांचा आवाज थांबला. मग ती हळूच म्हणाली, “ते दार उघडं ठेवायला मीच सांगितलं होतं, आई.”

आत मल्हार घोरत होता. मग रोहिणी बोलायला लागली, आणि हे मलाही माहीत नव्हतं, कारण तुळशीकडं खांब नव्हता, तिथलं कुठल्या दाण्यानं काही बघितलेलं नाही.

“माझा तांब्या शेवटच्या अष्टकेलाच रिकामा झाला,” ती म्हणाली. “बादली मागं होती, दाराशी. भरायला वळले असते तर तू दिसली असतीस. म्हणून मी वळलेच नाही. रिकामा तांब्याच तुळशीवर धरून उभी राहिले.”

शर्वरी उठून आईच्या शेजारी जाऊन बसली आणि लहानपणी बसायची तशी तिच्या अंगावर रेलली. मी खिडकीपाशी उभा राहिलो. मला रडू येत होतं आणि बरंही वाटत होतं. एवढ्या लग्नांत मी कधी कॅमेऱ्याशिवाय काही बघितलं नव्हतं, आणि जे बघितलं ते माझ्या घरातलं निघालं.

ते सुंदर चित्र शर्वरीनं त्याच दिवशी पुसलं. धुकं तसंच ठेवलं. रोहिणी कधीमधी चष्मा लावते, सगळीकडं फिरते, आणि फुलीपाशी आली की चष्मा काढून मला म्हणते, हं, आता इथलं सांगा. मी सांगतो. दर वेळी एखादी गोष्ट नवी आठवते. गुलाबाच्या पानाचं तिला जास्त आवडतं.

आमच्या पुढच्या खोलीत झालेली गोष्ट गावात कशी पोचली, ते शौकतलाच विचारा. पण आता लग्न ठरवायला येणारे म्हणतात, अक्षता तर पाहिजेतच, शिवाय पोतदारांनी स्वतः फुलीवर उभं राहायचं आणि नंतर येऊन आईला सांगायचं. खांब भिंतीला लागलाय का, हे शौकत माझ्यावर विश्वास न ठेवता स्वतः बघतो. मी कॅमेरा घेत नाही. दुसऱ्या दिवशी त्यांच्या घरी जातो, चहा होतो, आणि मुलीची आई समोर बसते. काही आया डोळे मिटून ऐकतात. कुणी चष्म्यातलं आणि माझं ताडून बघत नाही.

परवा आळसंदच्या एका आईची उंची घेत होतो. फारच ठेंगणी बाई. जमिनीपासून डोळ्यांपर्यंत चार फूट तीन इंच भरली. ती भिंतीला टेकून संकोचून उभी होती.

“आता तर सगळं तांदूळ बघतात म्हणे,” ती म्हणाली. “मग माझी उंची कशाला घेताय, दादा?”

“मला किती वाकायचंय ते बघतोय,” मी म्हणालो, आणि आकडा वहीत लिहिला.